पहिलं गाव देवास: एकट्यानं प्रवास करायला कसं शिकावं

आमच्या घरी एकट्यानं काही करायची पद्धत नाही. इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला जायचं तर आठ माणसं, ओंकारेश्वरला जायचं तर दोन गाड्या आणि पुऱ्यांचा डबा. त्यामुळे सहा वर्षांपूर्वी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी "जरा एकटी जाऊन येते" म्हटलं तेव्हा सासूबाईंनी हातातली तांदळाची परात खाली ठेवली.

"एकटी? का गं, भांडण झालं का?"

"नाही हो आई. सहज."

"सहज कुणी एकटं जातं का?"

आणि निघाले कुठे होते? देवासला. इंदूरहून चाळीसेक किलोमीटर. लोक रोज नोकरीला ये-जा करतात तिथे.

त्यानंतर बऱ्याच ठिकाणी फिरले. ओळखीच्या बायका विचारतात, हल्ली दोन-तीन पुरुषांनीही विचारलं, म्हणून सगळं एका जागी लिहून काढते आहे. उदाहरणं इंदूरची आहेत, कारण मला तीच येतात. ग्वाल्हेरचे असाल तर देवासच्या जागी दतिया वाचा, बडोद्याचे असाल तर डभोई.

नेमकं बदलतं काय

घरच्यांबरोबर गेलं की निर्णय वाटला जातो आणि दोषही वाटला जातो. हॉटेल वाईट निघालं तर "तूच म्हणालास", गाडी चुकली तर "तुझंच आवरत नव्हतं". एकट्या माणसाला ढकलायला कुणी नसतं. चुकीच्या थांब्यावर उतरलात तर तुम्हीच उतरलात, आणि तिथून पुढे कसं जायचं तेही तुम्हीच बघायचं. असं दहा-पंधरा वेळा झालं की माणूस थोडा वेगळा होतो. दोष शोधण्यात वेळ घालवत नाही, आधी पुढचं बघतो. माझा अनुभव तरी एवढाच आहे. सूर्यास्त, नदीकाठ, नवी माणसं हे सगळं वरचं.

म्हणून खालच्या पायऱ्या मी किलोमीटरवर लावलेल्या नाहीत, निर्णय किती मोठे त्यावर लावल्या आहेत. बँकॉकला ठरलेल्या ग्रुप टूरबरोबर गेलेल्या माणसानं महेश्वरला एकट्यानं राहणाऱ्यापेक्षा कमी निर्णय घेतलेले असतात.

एक सूचना आधीच. घरात खरंच भांडण झालं असेल, किंवा कुणी जवळचं गेलं असेल, तर त्याच आठवड्यात ही सुरुवात करू नका. तेव्हा माणूस जवळ हवं. प्रवास दोन महिन्यांनी केला तरी चालतो.

पायरी पहिली: आपल्याच गावात एकट्यानं जेवा

सराफ्यापासून सुरुवात करा. रात्री दागिन्यांची दुकानं बंद होतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याचे ठेले लागतात. तिथे सगळेच उभ्यानं खातात, त्यामुळे तुम्ही एकटे आहात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. थंडीत गेलात तर गराडू, म्हणजे तळलेला कंद, घ्या, चाट मसाला आणि लिंबू जरा जास्त मागून. अट एकच: मोबाइल पिशवीत. प्लेट संपेपर्यंत काढायचा नाही. पहिल्यांदा मला ती सात-आठ मिनिटं फार लांब वाटली. डोळे कुठे ठेवायचे तेच कळेना. मग गराडू तळणाऱ्याच्या हातांकडे बघत बसले आणि निभावलं.

खरी परीक्षा बसून जेवायच्या ठिकाणी. दारातला माणूस विचारतो, "कितने लोग?" आपण म्हणायचं, "एक." पुढे काहीही जोडायचं नाही. मी पहिल्या खेपेला म्हणाले होते, "एक ही हूँ भैया, जल्दी उठ जाऊँगी." कशाला उठायचं लवकर? पैसे देतोच ना आपण? पण ते वाक्य तोंडातून आपोआप आलं. ते यायचं बंद होईपर्यंत, म्हणजे तीन-चार वेळा, ही पायरी करा. चार जणांचं टेबल मिळालं तर बसा. कुणी "जरा तिकडे बसता का" म्हटलं तर त्या क्षणी आपल्याला काय वाटतं ते बघा. बहुतेकांना उठावंसं वाटतं. उठायचं की नाही ते तुमचं, पण ठरवून उठा.

पुरुषांसाठी पहिली पायरी वेगळी आहे. एकट्यानं खाणं त्यांना जमतं. त्यांनी स्वतःची बॅग स्वतः भरावी. आमच्या "अहोंनी" आयुष्यात पहिल्यांदा स्वतः भरलेल्या बॅगेत चार शर्ट होते, टॉवेल नव्हता आणि रक्तदाबाची गोळी तर नव्हतीच.

पायरी दुसरी: एक दिवस, जिथे बघायला फार नाही

बहुतेक जण पहिल्यांदा उज्जैनला जातात. मी सांगेन, नका जाऊ. महाकालाच्या दर्शनाला नाही म्हणत नाही, पण तिथे दिवस रांगच ठरवते. तुमच्या वाट्याला ठरवायला काही उरत नाही. पहिलं गाव साधं हवं, म्हणजे "आता काय करू?" हा प्रश्न दर तासाला पडेल.

देवास त्यासाठी उत्तम. दिवसभर बसेस असतात, चुकली तर दुसरी मिळते. गावाच्या मधोमध माताजीची टेकडी, वर तुळजाभवानी आणि चामुंडा, म्हणजे मोठी माता आणि छोटी माता. पायऱ्यांनी जा नाहीतर रोपवेनं. पवारांच्या दोन गाद्या एकाच गावात होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, त्याच्या खुणा जुन्या भागात फिरताना दिसतात. आणि टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचं घर. क्षयानं आजारी असलेले कुमारजी १९४८ साली हवापालटासाठी देवासला आले आणि पुढे कायमचे तिथलेच झाले. आजारपणात गाणं बंद होतं तेव्हा त्यांनी आजूबाजूची माळवी लोकगीतं ऐकली, आणि ती पुढे त्यांच्या गाण्यात आली. मी त्या रस्त्यावर दहा मिनिटं नुसती उभी होते. आत वगैरे गेले नाही, कुणाच्या घरात डोकावायचं नसतं.

या दिवसासाठी एक छोटी वही घ्या. खिशात मावेल एवढी. प्रत्येक वेळी काही ठरवलं की एक ओळ: वेळ, काय ठरवलं, आणि मनात आधी काय आलं होतं. माझ्या पहिल्या पानावर असं आहे:

९.४० रिक्षा न करता चालत. (मनात: लोक काय म्हणतील, पैसे वाचवतेय.)
११.१५ रोपवे नको, पायऱ्या.
११.३० पायऱ्या चुकलं. गुडघा. आता अर्ध्यात.
११.४५ बसले. कुणी थांबलेलं नाही माझ्यासाठी, मग घाई कसली?

त्या शेवटच्या ओळीसाठी मला देवासला जावं लागलं. बरोबर कुणी असतं तर मी तसंच गुडघा ओढत वर गेले असते, वर जाऊन "काही नाही हो, ठीक आहे" म्हटलं असतं आणि रात्री बाम चोळला असता.

घरी कसं सांगायचं

विचारू नका, कळवा. यात फरक आहे. "जाऊ का?" म्हटलं की सात जणांची सात मतं येतात आणि आठवं तुमचं. त्याऐवजी: "शनिवारी सकाळी महेश्वरला जाते, रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत घरी. खोलीचा नंबर आणि पत्ता फ्रिजवर लावलाय." कॅलेंडरवर पेनानं लिहा. लिहिलेल्या गोष्टीला घरात मान असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त ८ तासांचं देता येतं. ते एकाच माणसाला द्या, जो घाबरट नाही त्याला. दिवसातून दोन फोनच्या वेळा आधी ठरवा, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. मध्येच आलेला फोन तातडीचाच, एवढं घरच्यांना पटवायला मला दोन प्रवास लागले. पहिल्या दोनमध्ये "हिंगाची डबी कुठे आहे" हेही तातडीचंच होतं.

मागे घरी जे आजारी किंवा म्हातारं माणूस असेल, त्याची सोय ही तुमच्या तयारीचाच भाग समजा. मात्र दोन दिवसांच्या भाज्या चिरून, डबे भरून, थकून निघू नका. बाकीच्यांना येतं सगळं.

पायरी तिसरी: एक रात्र

इथे मी जरा थांबते, कारण सगळं काही या रात्रीत आहे.

महेश्वर निवडा. इंदूरपासून नव्वदेक किलोमीटर, आग्रा-मुंबई रस्त्यानं मानपूरचा घाट उतरून धामनोदपर्यंत, तिथून आत वळायचं. थेट बस मिळाली तर बरं, नाहीतर धामनोदला बदला. बस कुठल्या स्टँडवरून सुटते ते आदल्या दिवशी प्रत्यक्ष विचारा. इंदुरात स्टँड बदलत असतात आणि इंटरनेटवरची माहिती जुनी असते. धामनोदला गाडी थांबली की प्रसाधनगृह आधी, चहा नंतर. ही सूचना पुरुष लेखक कधी लिहीत नाहीत.

उजेडी पोहोचा. हा नियम मी आजही मोडत नाही. पहिल्या रात्रीची खोली आधी ठरवलेली हवी, आणि आदल्या दिवशी फोन करून दोन गोष्टी विचारा: एकट्या बाईला (किंवा एकट्या पुरुषाला, त्यांनाही नाकारतात) खोली देता का, आणि आतून कडी आहे का. नुसतं कुलूप नको, कडी. ओळखपत्राची प्रत द्यावी लागते. आधारची झाकलेले अंक असलेली प्रत, मास्क्ड आधार म्हणतात ती, डाउनलोड करून ठेवा. पहिले आठ अंक तिच्यात दिसत नाहीत.

आता माझी पहिली खोली. दार उघडलं आणि ओल्या गोधडीचा वास आला. खिडकी भिंतीकडे उघडणारी, भिंत हाताच्या अंतरावर. मुलगा किल्ली देऊन उभा. मी काय म्हणाले? "ठीक है." बॅग ठेवली, कडी लावली, पलंगाच्या कडेवर बसले आणि स्वतःवर इतकी चिडले की विचारू नका. बावीस वर्षं कचेरीत काम केलेली बाई मी, कागदात एक सही कमी असली तर परत पाठवणारी. आणि एका किल्ली देणाऱ्या मुलाला "दुसरी दाखव" म्हणता येईना.

पंधरा मिनिटांनी खाली गेले. "दूसरा कमरा दिखाइए." एवढंच. त्यानं दाखवली. वरची, नर्मदेकडे तोंड असलेली, भाडं तेवढंच. काहीही घडलं नाही, कुणी रागावलं नाही, कुणी का म्हणून विचारलं नाही. ते तीन शब्द मी त्यानंतर घरी, दवाखान्यात, मुलाच्या लग्नाच्या हॉलसाठी, सगळीकडे वापरले. म्हणून आता सगळ्यांना सांगते, पहिली खोली चांगली असली तरी दुसरी बघायला मागा. सवयीसाठी.

संध्याकाळी घाटावर जा. अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी केली आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत इथून राज्य चालवलं. किल्ल्यात त्यांची गादी बघाल तर थक्क व्हाल, इतकी साधी आहे. घाटावर बसायला पैसे लागत नाहीत. नदीच्या मध्यावर बाणेश्वराचं देऊळ आहे, नावाडी तिथे नेऊन आणतात. नावेत एकट्यानं बसायचं की चार अनोळखी माणसांबरोबर वाटून? मी वाटून गेले. खंडव्याकडचं एक कुटुंब होतं, त्यांच्या आजीनं मला सोललेलं सीताफळ दिलं आणि नवरा काय करतो ते विचारलं. भाडं आधी ठरवा. पाण्यात उतरायचं असेल तर घाटावरच्या माणसांना विचारल्याशिवाय नाही. नर्मदेवर वर धरणं आहेत, पाणी सोडलं की पातळी बघता बघता चढते.

कुणी विचारलंच, "अकेली आई हो?" तर खोटं बोला. "नाही, मागून मंडळी येताहेत." मी सत्यवादी घरातली आहे, पण हे खोटं बिनदिक्कत बोलते. हॉटेलचं नाव तर कुणालाच सांगायचं नाही. आणि एखाद्या माणसाबद्दल पोटात नको वाटलं, तर कारण शोधत बसू नका, उठून जिथे बायका-मुलं आहेत तिथे जा. उद्धट दिसलात तर दिसलात. ११२ हा नंबर फोनमध्ये सगळ्यात वर ठेवा, रेल्वेत असाल तर १३९.

रात्री भीती वाटेल. वाटणारच. दहा वाजता दिवा घालवला आणि मला घरात कधी ऐकू न आलेले आवाज यायला लागले: पंख्याची एक टिकटिक, जिन्यावर पावलं, कुणाच्या तरी खोलीतलं हसणं. मी उठून दाराला खुर्ची लावली, खुर्चीवर स्टीलचा पेला ठेवला. दार हललं तर पडेल. हसू नका, झोप लागली. तुमचाही असा काही उपाय असेल तर करा. भीती गेली पाहिजे असं नाही, झोप आली पाहिजे.

सकाळी मागांच्या गल्लीत चक्कर मारा. महेश्वरी साडीचे काठ विणताना बघायला मिळतात, त्यांतली लाटांची नक्षी घाटावरून आणि किल्ल्याच्या दगडांवरून आली असं विणकर सांगतात. काठ दोन्ही बाजूंनी सारखा, साडी उलटी नेसली तरी चालते. घ्यायलाच हवी असं नाही. मी घेतली नव्हती, आणि वहीत लिहिलं होतं: साडी नको. (मनात: रिकाम्या हातानं गेले तर काय म्हणतील.)

पैसे आणि सामान, थोडक्यात

रोख दोन ठिकाणी, एक कमरेपाशी, एक बॅगेच्या तळाशी. रोज रात्री खर्च लिहा. एक परतीची रक्कम बाजूला ठेवा, तिला हात लावायचा नाही. बॅग तेवढीच जी बसच्या पायरीवर स्वतः उचलून चढवता येईल. घरीच दोन मजले चढून बघा. पॉवर बँक, टॉर्च, ओआरएस, रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या. दागिने घरी.

पायरी चौथी: तीन रात्री, आणि रेल्वे

पहिल्या तीन पायऱ्या जमल्या की लांबचं. पावसाळ्यात मांडूही चालेल: जहाज महालाच्या दोन्ही अंगांना भरलेली तळी, गोरखचिंचेची फुगलेली झाडं. पण तिथे सगळे जोडीनं किंवा घोळक्यानं येतात, रूपमतीच्या मंडपात तुम्ही एकटेच फोटो न काढणारे असाल. त्याचा त्रास होणार नसेल तर जरूर जा.

मी बुऱ्हाणपूर सुचवते. खंडव्यापर्यंत बस, तिथून भुसावळच्या दिशेची रेल्वे. तापीकाठी शाही किल्ला आहे, त्यातलं रंगवलेल्या छताचं हमाम, म्हणजे स्नानगृह, बघा. मुमताज महल १६३१ साली याच गावात वारली, ताजमहाल पुढचा. मोगल काळातली कुंडी भंडाऱ्याची भूमिगत पाण्याची रचना इथलीच. मावा जिलेबी आपल्या पोह्यांबरोबरच्या जिलेबीची लांबची आत्या, काळी, जड आणि एकीत पोट भरवणारी. बाजारात मराठी कानावर पडतं, त्यामुळे परकं गाव अर्धं आपलं होतं.

तिकिटाचं: आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधीपासून मिळतं. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं सकाळी १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता. ऑनलाइन काढलेलं तिकीट वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, त्यावर चढायचं नाही. म्हणून एकट्यानं जाताना "बघू, होईल कन्फर्म" हा घरचा धर्म सोडा. पर्यायी बसची वेळ वहीत लिहून ठेवा.

तीन रात्रींचा खरा धडा दुसऱ्या दुपारी येतो. बघायचं बघून झालेलं असतं, ऊन असतं, फोन करावा असं कुणी नसतं आणि "आपण इथे का आलो" हा प्रश्न समोर येऊन बसतो. तेव्हा लगेच मोबाइल उघडू नका. तासभर त्या प्रश्नाबरोबर बसा, मग झोपा. मला त्या तासात सुचलं की मला स्वयंपाकाचा कंटाळा नाही, "आज काय करू?" असं रोज चार जणांना विचारायचा कंटाळा आहे. घरी आल्यावर आठवड्याचा तक्ता लावला. ज्याला बदल हवा त्यानं स्वतः करावा, हे खाली लाल पेनानं. तो तक्ता अजून आहे.

आल्यावर

पहिल्या दिवशी कुणाला काही सांगू नका, नुसतं "छान झालं" म्हणा. सांगत गेलं की ती गोष्ट ऐकणाऱ्याला आवडेल अशी व्हायला लागते, आणि सीताफळ देणारी आजी राहते, ओल्या गोधडीचा वास गळून पडतो. आधी वही वाचा. कंसातली वाक्यं एकाखाली एक लिहून काढा. माझ्या पहिल्या तीन प्रवासांत अशी एकतीस वाक्यं निघाली आणि त्यांतल्या एकोणीसांत "लोक" होते. दर प्रवासानंतर मोजते. मागच्या वेळी चार होते.

त्या यादीतलं एकच वाक्य निवडा आणि महिनाभर घरच्या घरी त्यावर काम करा. बाकीची पुढच्या खेपेला.

आणि नाही जमलं तर लवकर परत या. परतीचं तिकीट रविवारचं आहे म्हणून रविवारपर्यंत बसलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय? बुऱ्हाणपूरहून मी एक दिवस आधी निघाले. तिकिटाचे थोडे पैसे बुडाले. रात्री नऊला दारात मला बघून सासूबाई म्हणाल्या, "का गं, काय झालं?"

"काही नाही. कंटाळा आला, आले."

त्यांनी वरण गरम करायला ठेवलं.